अख्ख्या बॅचचा स्वभाव एकच?

जन्मवर्षावरून 'एनर्जी' आणि एनर्जीवरून स्वभाव सांगणारं फेंगशुई आता रील्समधून थेट आपल्या हातात आलंय. टाइमपास म्हणून ठीकच. पण कुठे शिकायचं आणि कुणाशी जमवून घ्यायचं हे तो आकडा ठरवायला लागला तर? थोडं गणित आणि भिवापूरची मिरची सोबत घेऊन केलेली ही तपासणी.

कागद-पेन घ्या. जन्मतारीख नको, जन्मवेळ नको, गाव नको. फक्त जन्मवर्ष.

वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्या आणि त्यांची बेरीज करा. मुलगा असाल तर ती बेरीज ९ मधून वजा करा. मुलगी असाल तर बेरजेत ६ मिळवा आणि उत्तर एक आकडी होईपर्यंत पुन्हा बेरीज करत राहा. उत्तर ५ आलं तर मुलांनी २ धरायचा, मुलींनी ८. जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत जन्म असेल तर आधीचं वर्ष घ्या, कारण या हिशोबात नवं वर्ष ४ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं. ही रीत २००० पासून जन्मलेल्यांसाठी. त्याआधीच्या पुरुषांसाठी ९ ऐवजी १०, आणि स्त्रियांसाठी ६ ऐवजी ५.

झाला तुमचा 'कुआ नंबर' तयार. फेंगशुईत हा आकडा तुमची वैयक्तिक एनर्जी सांगतो. तुमचं तत्त्व कोणतं, चांगल्या दिशा कोणत्या, झोपताना डोकं कुठे, अभ्यासाला बसताना तोंड कुठे, कुणाशी पटेल, कुणाशी खटके उडतील, सगळं त्यातून निघतं म्हणे. मलेशियाच्या लेखिका लिलियन टू यांच्या पुस्तकांनी हा नंबर जगभर नेला, आपल्याकडेही आणला. आता पुस्तकाचीही गरज उरलेली नाही. तीस सेकंदांची रील पुरते.

पाच तत्त्वं, पाच स्वभाव

आधी हे शास्त्र काय म्हणतं ते नीट ऐकून घेऊ. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. जागेत 'ची' नावाची ऊर्जा वाहते, वारा तिला उडवून नेतो आणि पाणी तिला थोपवून धरतं, अशी जुनी चिनी कल्पना आहे. तिच्यावरचा सगळ्यात प्रसिद्ध ग्रंथ चौथ्या शतकातल्या गुओ पू या विद्वानाच्या नावावर सांगितला जातो. गंमत म्हणजे त्याचा विषय घर नाही, पूर्वजांना पुरायची जागा कशी निवडावी हा आहे.

या ऊर्जेची पाच रूपं आहेत. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. लाकूड अग्नीला पोसतं, अग्नीची राख माती होते, मातीतून धातू निघतो, धातूवर पाणी साचतं, पाण्यावर झाड वाढतं. असं हे चक्र. प्रत्येक रूपाला एक स्वभाव चिकटवलेला आहे. लाकूडवाले पुढाकार घेणारे, पण उतावीळ. अग्नीवाले उत्साही, बोलके, पटकन तापणारे. मातीवाले भरवशाचे, घर धरून राहणारे, काळजी करणारे. धातूवाले शिस्तीचे आणि हट्टी. पाणीवाले खोल, जुळवून घेणारे, निर्णयाला वेळ लावणारे.

वाचता वाचता एखादा तुम्हाला लागू पडलाच असेल. का पडला, ते पुढे बघू. आधी गणित पूर्ण करू.

२००६ ची बॅच लकी!

या पानाच्या बहुतेक वाचकांचा जन्म २००४ ते २००८ मधला. त्यांचे नंबर असे येतात :

२००४ : मुलं २, मुली १
२००५ : मुलं ४, मुली २
२००६ : मुलं ३, मुली ३
२००७ : मुलं २, मुली ४
२००८ : मुलं १, मुली ८

आता तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. २००५ साली जन्मलेल्या सगळ्या मुलांचा नंबर ४ आणि सगळ्या मुलींचा २. पहिल्या बाकावर बसून नोट्स काढणारी आणि महिनाभर कॉलेजात न दिसलेली, दोघींचा नंबर एकच. बोर्डात आलेला आणि एटीकेटी घेऊन फिरणारा, दोघांची एनर्जी सारखी. नागपूर असो, भिवापूर असो, बीजिंग असो, त्या वर्षी जन्मलेल्या प्रत्येक मुलीला हाच स्वभाव वाटला गेलाय.

जोड्यांचं तर विचारूच नका. फेंगशुईत १, ३, ४, ९ हा पूर्व गट आणि २, ६, ७, ८ हा पश्चिम गट. एकाच गटातल्यांचं पटतं, वेगळ्या गटातल्यांचं ओढूनताणून. वरची यादी पुन्हा बघा. २००४ ची मुलं पश्चिमेची, मुली पूर्वेच्या. २००५ मध्ये उलट. २००७ आणि २००८ मध्येही गट वेगळे. म्हणजे या चार बॅचमध्ये एकाच वर्षी जन्मलेल्या कुठल्याही मुलामुलीचं पटायलाच नको. आणि २००६? दोघांचाही नंबर ३, त्यामुळे सगळ्यांचं सगळ्यांशी जमणार. २००६ वाल्यांनी आपल्या ग्रुपमध्ये नजर फिरवून सांगावं, खरंच असं आहे का?

अजून एक. पुरुषांचा नंबर दर नऊ वर्षांनी तोच येतो. २००६ साली जन्मलेल्या मुलाचे वडील १९७० चे असतील तर त्यांचाही नंबर ३. घरात रोज ज्या बाप-लेकाचं वाजतं त्यांचा स्वभाव शास्त्राप्रमाणे एकच!

यात आणखी एक गुंता आहे. तत्त्व काढायची दुसरी चिनी रीत जन्मवर्षाच्या शेवटच्या आकड्यावर चालते. ० किंवा १ असेल तर धातू, २-३ पाणी, ४-५ लाकूड, ६-७ अग्नी, ८-९ माती. त्या रीतीने २००६ वाले अग्नी. पण कुआ नंबर ३ चं तत्त्व लाकूड. मग तो मुलगा जाळणारा की जळणारा? उत्तर तुम्ही कुठली रील पाहिली यावर अवलंबून.

'त्याइचा नंबर येगळा हाय का?'

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण भिवापूरची एक मुलगी आहे, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, रोज अप-डाउन करणारी. नाव छापू नको म्हणाली. तिला एमएस्सीसाठी पुण्याला जायचंय. घरात नवीन खोली बांधताना दिशा दाखवायला एका सल्लागाराला बोलावलं होतं. त्याने घरासोबत घरातल्या माणसांचेही नंबर काढले. हिचा जन्म २००५ चा, नंबर २, तत्त्व माती. "मुलगी अर्थ टाइप आहे. घराजवळच स्थिर होईल, लांब गेली तर अडचणी," असं तो सांगून गेला. घरच्यांच्या मनात पुण्याचं भाडं आणि मुलीला एकटं पाठवायची धास्ती आधीपासून होतीच. आता त्या धास्तीला शास्त्राचा शिक्का मिळाला.

ती चिडून म्हणाली, "माह्या क्लासमधल्या अर्ध्या पोरी २००५ च्याच हायेत. चार जनी पुन्याले चालल्या. त्याइचा नंबर येगळा हाय का?"

तिच्या या एका प्रश्नात सगळा हिशोब आला. पैसे नाहीत, काळजी वाटते, ही खरी कारणं आहेत. त्यांवर बोलता येतं. शिष्यवृत्ती शोधता येते, वसतिगृहाचा अर्ज भरता येतो, नात्यातल्या ताईला फोन करता येतो. पण 'तुझा स्वभावच तसा आहे' या वाक्यावर काय बोलणार? ते आलं की बोलणंच खुंटतं. शिवाय असं लेबल वर्षानुवर्षं कानावर पडलं की माणूस तसाच वागायला लागतो. 'पाणी टाइप, तुला ठरवता येत नाही' हे ऐकणारी मुलगी हळूहळू ठरवायचं सोडून देते, आणि मग सगळे म्हणतात, बघा, नंबर खरा निघाला.

मग आपल्याला पटतं का?

याचं उत्तर १९४८ साली एका वर्गातच सापडलं. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. नंतर प्रत्येकाला त्याचा 'स्वतंत्र' निकाल दिला आणि तो किती बरोबर आहे याचे ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग गौप्यस्फोट झाला. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

'तू बाहेरून शांत दिसतोस, पण आत खूप काही चालू असतं.' 'तुला लोक आवडतात, पण कधी कधी एकटं राहावंसं वाटतं.' असं कुणाच्या बाबतीत खरं नसतं? पाच तत्त्वांची वर्णनंही अशीच आहेत. थोडं कौतुक, थोडी कमतरता, आणि दोन्ही सगळ्यांना होतील अशा मापाची.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेतलं झालं. मग पुण्यातलं घ्या. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका काढल्या. त्यातली शंभर मुलं हुशार म्हणून निवडलेली, शंभर मतिमंद. ज्योतिषांनी पत्रिका बघून फक्त मूल कोणत्या गटातलं ते सांगायचं होतं. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि त्यांची अचूकता भरली सुमारे ४६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती. पत्रिकेत निदान तारीख, वेळ, ठिकाण तरी असतं. कुआ नंबरात यातलं काहीच नाही, नुसतं वर्ष.

हेच थोड्या फरकाने इन्स्टाच्या बायोमधल्या 'आयएनएफजे', 'ईएनटीपी' या चार अक्षरी टाइप्सबद्दलही म्हणता येईल. तिथे निदान प्रश्न विचारून उत्तर काढतात. पण तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा टाइप बदलतो. कारण माणसं खोक्यांत बसत नाहीत. उंची जशी 'उंच' आणि 'बुटका' अशा दोनच मापांत येत नाही, बहुतेक जण मधे कुठेतरी असतात, तसंच स्वभावाचं. म्हणून आजचे मानसशास्त्रज्ञ टाइप सांगण्यापेक्षा बोलकेपणा, काटेकोरपणा, नव्याची ओढ असे गुण कमी-जास्त मोजतात.

दिशा कुणाच्या?

फेंगशुईतल्या दिशा हवेतून आलेल्या नाहीत. त्या एका प्रदेशातून आल्यात. उत्तर चीनमध्ये हिवाळ्याचा वारा उत्तरेकडून येतो, बोचरा आणि धुळीने भरलेला. सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला. मग घराच्या पाठीशी उत्तरेला डोंगर आणि दार दक्षिणेला हे शहाणपणच होतं. त्यातूनच दक्षिण दिशा मानाची ठरली.

तोच नियम भिवापूरला आणा. इथे मे महिन्याच्या अखेरीला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. ऊन मिळवायचं नसतं, चुकवायचं असतं. शिवाय आपल्या वास्तुशास्त्रात दक्षिण म्हणजे यमाची दिशा, तिथे दार नको. आग्नेय कोपरा वास्तूत अग्नीचा, म्हणजे तिथे चूल. फेंगशुईत तोच कोपरा लाकडाचा आणि पैशाचा, म्हणजे तिथे मनी प्लांट. आजी म्हणते, उत्तरेला डोकं करून झोपू नको. कुआ नंबर १ वाल्याला फेंगशुई म्हणतं, उत्तर तुझी चांगली दिशा. खोली एक, खाट एक, आणि तिघांचं ऐकायचं!

तत्त्वांचंही तेच. आपली पंचमहाभूतं म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यात लाकूड नाही, धातू नाही. चिनी पाचांत वायू नाही, आकाश नाही. विश्वाची ऊर्जा खरोखर पाच तुकड्यांत असती तर ते तुकडे हिमालय ओलांडताना बदलले नसते.

लाफिंग बुद्धाबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, तिथल्या दुकानांत तो पोटावर हात फिरवायला ठेवलेला दिसतो. तो गौतम बुद्ध नाही. तो बुदाई, झोळी घेऊन फिरणारा दहाव्या शतकातला एक चिनी भिक्खू. त्याच्या गोष्टी छान आहेत, पण त्याचा आपल्या मार्कशीटशी संबंध नाही.

जागेचा परिणाम होतो, पण कसा?

म्हणजे जागेचा माणसावर काही परिणामच होत नाही? होतो की. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, अर्ध्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी जवळपास पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. हा परिणाम झाडाचा होता. रुग्णाचं जन्मवर्ष त्यासाठी कुणी विचारलं नव्हतं.

आणि जागेचा गुण कसा सिद्ध करतात, हे भिवापूरकरांना तर घरूनच माहीत असायला हवं. भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन आहे. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यानुसार हे मानांकन मिळवायचं तर मालाचा गुण, वैशिष्ट्य किंवा नावलौकिक मुळात त्या प्रदेशामुळे आहे हे दाखवावं लागतं. कुठून कुठपर्यंत पिकतं त्याचा नकाशा द्यावा लागतो, जुने पुरावे द्यावे लागतात, माल तपासायची व्यवस्था सांगावी लागते. कुणाला आक्षेप असेल तर त्याचं ऐकून घेतलं जातं. 'मातीत एनर्जी आहे' एवढ्यावर शिक्का मिळत नाही. 'जागा गुण घडवते' हा दावा मिरचीबद्दल करतानाही एवढे कागद लागतात. मग माणसाबद्दल तोच दावा करणाऱ्याला आपण एकही प्रश्न का विचारू नये?

कायदा इथे मदतीला येईल असंही समजू नका. दाभोलकरांच्या हत्येनंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या नागपूरच्याच अधिवेशनात मंजूर झाला. पण वास्तुशास्त्राचा आणि ज्योतिषांचा सल्ला त्यातून वगळलेला आहे. नरबळी, अघोरी उपचार यांच्यासाठी तो कायदा आहे. तुमच्या घरी येऊन 'मुलगी अर्थ टाइप' म्हणणाऱ्याला प्रश्न विचारायचं काम तुमचंच.

चौकट : घरी करून बघा

१. पाच तत्त्वांची वर्णनं पाच चिठ्ठ्यांवर लिहा. तत्त्वाचं नाव लिहू नका.

२. वेगवेगळ्या वयाच्या वीस जणांना दाखवा. मित्र, काका, मावशी, शेजारची आजी, सगळे चालतील. 'यातला तुमचा स्वभाव कोणता?' एवढंच विचारा.

३. त्यांनी चिठ्ठी निवडल्यावर जन्मवर्ष विचारा आणि शेवटच्या आकड्यावरून तत्त्व काढा.

४. पाचांतून एक निवडायची आहे, म्हणजे निव्वळ योगायोगानेही वीसपैकी चारेक जुळतील. पाच-सहा जुळले म्हणून उड्या मारू नका. पंधरा जुळले तर मात्र या पानाला जरूर कळवा.

आणि खोलीचं काय?

खोली बदलायची असेल तर खुशाल बदला. टेबल उजेडात घ्या, पण उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीजवळ नको, दुपारनंतर भिंत तापते. कूलर चालू असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर जाऊ द्या. खाटेखालचा पसारा काढा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा. मनी प्लांट आवडत असेल तर लावा, दिसायला हिरवा असतो आणि बाटलीतही जगतो. हे सगळं १ नंबरवाल्याला जेवढं लागू आहे तेवढंच ८ नंबरवालीलाही.

पण एमएस्सीला पुणे की नागपूर, पोलीस भरती की एमपीएससी, 'हो' म्हणायचं की 'नाही', हे ठरवताना कुणी तुमचं जन्मवर्ष विचारलं तर त्याला शांतपणे एकच प्रश्न परत विचारा : "माझ्या बॅचमधल्या बाकीच्यांनाही हेच सांगाल का?"